काट्यावरची पहिली फाइट

यूएफसीमध्ये लाइटवेट म्हणजे 155 पाउंड, साधारण 70 किलो. तुम्ही टीव्हीवर बघता तेव्हा मात्र दोघांपैकी कुणीच बहुधा तेवढ्या वजनाचं नसतं. वजन आदल्या दिवशी सकाळी होतं, आणि पिंजऱ्यात उतरेपर्यंत कित्येक किलो परत चढलेले असतात.

हे किलो चरबीचे नव्हेत, पाण्याचे. चरबी ट्रेनिंगच्या आठवड्यांत उतरवलेली असते. शेवटच्या दिवसांत मीठ तोडायचं, पाणी बंद करायचं, गरम टबात नाहीतर सॉनात बसून घाम काढायचा. रक्तातलं पाणी कमी होतं, हृदय जोरात धावतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. मार्च 2017 मध्ये खबीब नुरमागोमेदोव याच नादात हॉस्पिटलात गेला आणि टोनी फर्ग्युसनशी ठरलेली लढत रद्द झाली. डिसेंबर 2015 मध्ये मनिलात 21 वर्षांचा चिनी फायटर यांग जियान बिंग दगावला.

मग करतात कशाला? याला ‘जिगर’ म्हणणं मला पटत नाही. हा सरळ हिशेब आहे. समोरचा पाणी काढून खालच्या गटात येणार असेल, तर एकट्याने शहाणपणा करणाऱ्याला आपल्याहून मोठ्या माणसाचा मार खावा लागतो. सगळ्यांनीच केलं की फायदा कुणालाच नाही, त्रास तेवढा सगळ्यांना. कोच तरी एकट्या पोराला काय सांगणार?

यांगच्या मृत्यूनंतर वन चॅम्पियनशिपने पाणी काढून वजन उतरवण्यावर बंदी घातली. तिथे काट्याबरोबर लघवीही तपासतात. यूएफसीत अजून फक्त काटा.