कोणता इशारा बंद करावा आणि कोणता करू नये

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा सुमारे ४२ किलोमीटरचा पट्टा जालना जिल्ह्यातील जालना आणि बदनापूर या तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यावर या महामार्गाच्या सपाट भागात मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटर ही वेगमर्यादा लागू झाली. मात्र १ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीत असा वेगसूचक बंधनकारक आहे, की जो ताशी ८० किलोमीटरचा वेग ओलांडला की थांबून थांबून आणि १२० ओलांडला की सलग वाजतो. परिणामी रस्त्याने ज्या वेगाला मुभा दिली आहे, त्याच वेगाने जाणाऱ्या चालकाला मोटार मात्र वारंवार हटकत राहते. नव्या मोटारींतील आवाज बंद कसे करावेत, ही विचारणा आता सर्रास होऊ लागली आहे, आणि तिचे मूळ अशा विसंगतींत आहे.

वेगसूचकाच्या जोडीला गेल्या काही वर्षांत ‘एडास’ म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टीम या नावाने ओळखली जाणारी चालक-साहाय्य प्रणाली आली आहे. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांमुळे ती मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागली. समोरच्या काचेमागील कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे, वाहने आणि माणसे ओळखतो, तर पुढच्या भागात बसवलेले रडार रेडिओलहरींच्या परावर्तनावरून समोरच्या वाहनाचे अंतर आणि वेग मोजते. या दोहोंच्या आधारे पट्टा ओलांडल्याची सूचना, धडकेचा इशारा, आणि चालकाने वेळेत ब्रेक न लावल्यास आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक अशी कामे ही प्रणाली करते; शेजारच्या अदृश्य कोनातील वाहनाची सूचना मात्र सहसा मागच्या बाजूच्या रडारवरून मिळते. काही मोटारी स्टिअरिंगच्या हालचालींवरून किंवा चेहऱ्याकडे रोखलेल्या कॅमेऱ्यावरून चालकाला डुलकी येत असल्याचेही ताडतात.

ही यंत्रे आखीव पट्ट्यांचा आणि बऱ्यापैकी शिस्तबद्ध वाहतुकीचा रस्ता गृहीत धरतात. समृद्धीवर हे गृहीतक बरेचसे टिकते. पण जालना जिल्ह्यातीलच भोकरदन, घनसावंगी किंवा मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ते लवकरच कोलमडते. तेथे पट्टे पुसट झालेले असतात किंवा नसतातच, गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अर्धा रस्ता व्यापतात, दुचाकीस्वार अगदी जवळून आडवे जातात आणि खड्डा चुकवायला मोटार किंचित उजवीकडे घ्यावीच लागते. चालकाच्या दृष्टीने हे नेहमीचे वाहन चालवणे असते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने मात्र तो पट्टा सोडणे किंवा धडकेच्या दिशेने जाणे ठरते. उलट बाजूने पाहिले तर रस्त्यात बसलेली गुरे ही प्रणाली ओळखेलच याची खात्री देता येत नाही, त्यामुळे जेथे इशारा हवा तेथे तो मिळेल असेही गृहीत धरता येत नाही.

वारंवार खोटा ठरणारा इशारा नुसता त्रासदायक नसतो, तो घातकही असतो. लांडगा आला म्हणून उगाच ओरडणाऱ्या मुलाच्या हाकेला शेवटी कोणी धावले नाही, तशीच गत या आवाजांची होते. खरा धोका उभा राहतो तेव्हा चालकाचा कान त्या आवाजाला सरावलेला असतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने दुरुस्तीसाठी आलेल्या मोटारी तपासल्या, तेव्हा धडक टाळणारी यंत्रणा ९३ टक्के मोटारींत चालू आढळली, तर पट्टा राखणारी यंत्रणा केवळ ५१ टक्के मोटारींत चालू होती. ज्या यंत्रणेचे इशारे लोकांना निरर्थक वाटतात, ती ते बंद करतात आणि जिची गरज पटते ती चालू ठेवतात, असा अर्थ या आकड्यांतून निघू शकतो.

म्हणून सरसकट सगळे बंद करण्याऐवजी इशाऱ्यांची तीन गटांत विभागणी करणे शहाणपणाचे ठरते. पहिल्या गटात पट्टा सोडल्याची सूचना आणि स्टिअरिंग आपणहून वळवणारी लेन-साहाय्य यंत्रणा येते. गावाकडच्या अरुंद रस्त्यावर ती बंद ठेवायला हरकत नाही. त्यासाठी बहुतेक मोटारींत स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर बटण असते, नाहीतर स्क्रीनवरील चालक-साहाय्याच्या सेटिंगमध्ये पर्याय असतो. मात्र महामार्गावर चढताना ती पुन्हा चालू करावी. इंडिकेटर दिल्यास पट्टा ओलांडणे हेतुपुरस्सर आहे असे प्रणाली मानते आणि सहसा गप्प राहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे इंडिकेटरची सवय लावली तरी या गटातला बराच गोंगाट थांबतो.

दुसऱ्या गटात धडकेचा इशारा, आपोआप लागणारा ब्रेक आणि डुलकीची सूचना येते. हे इशारे बंद न करता त्यांची संवेदनशीलता बदलावी. अनेक मोटारींत इशारा लवकर, मध्यम किंवा उशिरा देण्याचा, तसेच आवाज कमी करण्याचा पर्याय असतो आणि गर्दीच्या रस्त्यांवर ‘उशिरा’ हा पर्याय पुरतो. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका मोठा असल्याने डुलकीची सूचना तेथे बंद करणे म्हणजे तिच्या उपयोगाच्या जागीच तिला मुकणे होय. इशारे अकारण वाढले असतील, तर आधी काचेवरील आणि बंपरवरील धूळ-चिखल पुसावा. पुढची काच बदलली असल्यास सर्व्हिस सेंटरमध्ये कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करून घ्यावी.

तिसऱ्या गटातील इशारे कायद्याने आलेले आहेत आणि ते बंद करण्याचा विचारही करू नये. त्यांत सीटबेल्टची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागच्या आसनावर बसलेल्या मिस्त्री यांनी पट्टा लावलेला नव्हता, आणि या प्रश्नाकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले. बकलमध्ये अडकवून आवाज गप्प करणाऱ्या क्लिप त्या काळात ऑनलाइन सहज मिळत असत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला आणि १३,११८ जाहिराती हटवण्यात आल्या. पट्टा न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १,००० रुपये दंड होतो. पण क्लिपने वाचवलेल्या त्या आवाजाची खरी किंमत दंडाच्या पावतीवर छापलेली नसते.

कायद्याने आलेला दुसरा इशारा म्हणजे वेगसूचक. त्याबाबत युरोपीय संघाने ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची सूचना सक्तीची केली. ती बंद करता येते, परंतु मोटार सुरू करताच पुन्हा चालू होते, म्हणजे निर्णय चालकाच्या हाती राहतो आणि विस्मरण मात्र त्याच्या नावावर जमा होत नाही. ही सूचना कॅमेरा आणि नकाशा यांच्या आधारे त्या-त्या रस्त्याच्या मर्यादेनुसार दिली जाते. भारतातील वेगसूचकाला रस्ता कोणता आहे हे कळत नाही, तोवर समृद्धीवरचा त्याचा ८० चा आवाज चालक मनावर घेणार नाहीत आणि त्याच्या सोबतीने १२० च्या पुढचा इशाराही दुर्लक्षित राहण्याची भीती आहे. इशारा बंद करण्याचा अधिकार चालकाला द्यावा की नाही, या वादापेक्षा इशारा बंद करावासा वाटणार नाही इतका नेमका असावा, ही मागणी उत्पादकांपुढे आणि नियम करणाऱ्यांपुढे ठेवणे अधिक उपयोगाचे ठरेल.