मोहल्ल्याची सभा कुठं भरते?

समजा, दोघी बहिणी आहेत. थोरली मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात नांदते, धाकटी मूर्तिजापूर शहरात. दोघींच्याही दारापुढची नाली तुंबली. थोरली ग्रामसभेत उभी राहून सरपंचाला जाब विचारू शकते. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते आणि तिच्याआधी बायांची वेगळी महिला सभा असते. धाकटीनं कुठं उभं राहायचं? नगर परिषदेच्या सभेत नगरसेवक बोलतात, मतदार नाही.

हा फरक कायद्यातूनच आला. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिनं नगरपालिकांना घटनेत स्थान दिलं, बायांना एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. पण प्रभाग समिती सक्तीची केली ती तीन लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांना. आपलं मूर्तिजापूर चाळीस हजारांच्या आसपासचं. म्हणजे आपण त्या सक्तीबाहेर.

लहान शहरात हे जमत नाही असं मात्र नाही. केरळमध्ये एक लाखापर्यंत वस्तीच्या नगरपालिकांत प्रत्येक वॉर्डाची सभा असते. वॉर्डातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. योजनेचा लाभ कुणाला द्यायचा, हे तिथं चारचौघांत ठरतं. महाराष्ट्रानंही २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्र सभेची तरतूद केली. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

सगळंच मोहल्ल्यात ठरावं, असंही नाही. पाणी कुठून आणायचं, मोठी पाइपलाइन कशी टाकायची, हे साऱ्या शहराचं काम. पण नाली आधी कोणत्या गल्लीत, दिवा कोणत्या खांबावर, नळ किती वाजता सोडायचा, हे तिथं राहणारीलाच नीट कळतं. नळ भर दुपारी आला, तर मजुरीला गेलेल्या बाईची भांडी रिकामीच राहतात.

मग करायचं काय? गल्लीतल्या दहा-पंधरा जणी आधी एकत्र बसा. सभा संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नका, नाहीतर तिथं पुरुषच दिसतील. तीनच मागण्या ठरवा आणि कागदावर सह्या घ्या. नगरसेवकाला गल्लीत बोलवा. काय ठरलं ते तिथंच वहीत लिहा आणि त्याची सही घ्या. एक प्रत नगर परिषदेत द्या, पोच मागा. नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्याचा हिशेब त्याआधीच बसतो. म्हणून मागणी डिसेंबरातच गेलेली बरी.

अशा बैठकीला आज कायद्याचं बळ नाही, तिचा ठराव नगर परिषदेवर बंधनकारक नाही. पण तारीख-सही असलेली वही समोर ठेवली की पुढच्या वेळी "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं म्हणता येत नाही. धाकटीला उभं राहायला तेवढी जागा तरी आपणच करून देऊ.