सुशीला, धपाटे आणि दारातला कारवान

रविवारी सकाळी किल्लारी, औसा, निलंगा भागातून पुण्या-मुंबईला गेलेल्या मंडळींच्या फोनवर गप्पांना ऊत येतो. कुणी कढईत परतलेल्या चुरमुऱ्यांचा फोटो टाकतं, कुणी धपाट्याबरोबर दही घेतलं का ठेचा ते विचारतं. तेवढ्यात गावाकडून गोठ्यातल्या वासराचा फोटो येतो आणि नाश्ता बाजूला राहतो. गाय कधी व्याली, शेळीला दोन झाली का तीन, कुत्र्यानं नवी चप्पल कुठं नेऊन टाकली, यावर मग दुपारपर्यंत चर्चा. खाणं आणि जनावरं हे वरवर वेगळे दिसणारे विषय लातूर जिल्ह्याच्या या टोकाला कायम एकमेकांत मिसळलेले असतात. त्याचं कारण शेतात सापडतं.

आधी कढईतलं पाहू. सुशीला हा मराठवाड्याचा हक्काचा नाश्ता. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे. तेलात मोहरी, शेंगदाणे, हिरवी मिरची, कांदा आणि हळद घालून त्यावर ते परतायचे. उतरवताना डाळव्याचं कूट आणि कोथिंबीर. डाळव्याचं कूट चुरमुऱ्यांतला जादाचा ओलावा शोषतं, म्हणून सुशीला गिचका होत नाही. उत्तर कर्नाटकात हाच पदार्थ ‘सुसला’ म्हणून मिळतो आणि आंध्रच्या रायलसीमेत ‘उग्गानी’ म्हणून, तिथं सोबत मिरचीची भजी असतात. किल्लारीपासून कर्नाटकाची हद्द लांब नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत लातूरकडची गावं, बीदर आणि गुलबर्गा एकाच निजामी राज्यात होती. सोयरिकी, बाजार आणि फोडण्या हद्दीच्या अलीकडे-पलीकडे चालूच राहिल्या.

धपाट्याचं कूळ मात्र थेट काळ्या रानातलं. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरचीचं वाटण आणि तीळ घालायचे, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचं. दुसऱ्या दिवशीही ते चांगलं लागतं, त्यामुळे शेतात न्यायला आणि प्रवासाला सोयीचं.

ज्वारीचं पीक घरातल्या दोन्ही पंगती उठवायचं. कणसातले दाणे माणसांना आणि वाळलेला कडबा जनावरांना. सकाळी आधी दावणीला वैरण पडायची, धारा काढून व्हायच्या, मग चुलीवर तवा चढायचा. न्याहारीची वेळ घड्याळापेक्षा गोठा ठरवायचा. गेल्या काही दशकांत लातूर सोयाबीनचं मोठं केंद्र झालं आणि ज्वारीचं रान आक्रसलं. सोयाबीनचं भुसकट जनावरं खातात, पण त्याला कडब्याची सर नाही. कडबा विकत घ्यायची वेळ आली की शेतकरी दावणीतली जनावरं मोजायला लागतो.

ही जनावरंही साधीसुधी नाहीत. जिल्ह्यातल्या देवणी गावाच्या नावानं ओळखली जाणारी देवणी गाय दुधाला चालते आणि तिचे बैल औताला. रंगावरून तिचे तीन प्रकार मानतात. पांढरं अंग आणि तोंडाच्या बाजूंना काळा रंग असेल तर वान्नेरा, अंगाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके असतील तर बालंक्या आणि अंगभर वेडेवाकडे काळे डाग असतील तर शेवेरा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारनं लाल कंधारी दिली. काळीभोर उस्मानाबादी शेळी तर या पट्ट्यात घरोघरी. तिला जुळी करडं होणं नवलाचं नाही आणि तिच्या दुधाचा चहा पिणारी माणसं आजही भेटतात.

जुन्या किल्लारीत माणसं आणि जनावरं एकाच भिंतीआड राहत. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद आणि आवारातच गोठा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा हीच घरं जिवावर उठली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली आणि दावणीला बांधलेली कितीतरी जनावरं ढिगाऱ्याखाली सापडली. पुढं लातूर-उस्मानाबादेतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भूकंपाला टिकतील अशी घरं मिळाली, रस्ते सरळ झाले. पण आखीव प्लॉटांवरच्या या घरांत जुन्या वाड्यांसारखा गोठा सामावत नव्हता. लोकांनी मग हळूहळू अंगणात पत्र्याचे आडोसे उभे केले, काहींनी जनावरं शेतावर हलवली.

कुत्र्याला प्लॉटची अडचण नव्हती. या भागाचा खास कुत्रा म्हणजे कारवान. लांबट तोंड, आत गेलेलं पोट, लांब पाय आणि खांद्याजवळ सव्वादोन फुटांच्या आसपास उंची. वासापेक्षा नजरेवर शिकार करणारा हा कुत्रा माळावर सशामागे सुटायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याच्याकडे राखणीचं काम उरलं. कान-शेपटीवर लांब मऊ केस असले की त्याला पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यातलं जानवळ गाव या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. कर्नाटकातल्या मुधोळात याच जातीला मुधोळ हाउंड म्हणतात. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळायला सांगताना मुधोळचं नाव घेतलं होतं.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांच्या बाजाराबरोबर अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शन भरतं. खंडोबाच्या सोबत घोडा आणि कुत्रा असतोच, त्यामुळे देवदर्शन आणि जनावरांची पारख एकाच फेरीत होऊन जाते.

कारवान शहरातल्या फ्लॅटमध्ये नेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे त्याला रोज मोकळं धावायला लागतं. पळताना काही हललं की तो मालकाची हाक ऐकत नाही, म्हणून मैदान कुंपणाचं हवं. दुसरी गोष्ट ताटातली. रविवारचा नाश्ता चालू असताना कुत्रं समोर बसलं की हात आपोआप पुढं जातो. सुशीलातला कांदा आणि धपाट्यातला लसूण, कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. त्रास लगेच दिसतोच असं नाही. काही दिवसांनी सुस्ती येते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. असं दिसलं तर पशुवैद्याकडे न्यायला उशीर करू नये. खेड्यातल्या कुत्र्याला भाकरी-दूध घालायची जुनी पद्धत आहे, पण त्यात प्रथिनं कमी पडतात आणि मोठ्या कुत्र्याला दूध अनेकदा पचत नाही. त्यापेक्षा उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याचं मांस आणि त्याबरोबर थोडी कोरडी भाकरी बरी. धपाटी करताना वाटण घालण्याआधी पिठाचा एक गोळा बाजूला काढून त्याची भाकरी थापली, तर एकाच तव्यावर दोघांचंही भागतं.