पडद्याआडची बायको, खाडीपलीकडचा शत्रू

छोट्या पडद्यावरून मोठ्या पडद्यावर : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण सार्जंट बिल्कोची गोष्ट पाहिली. फिल सिल्व्हर्स यांनी १९५५ ते १९५९ या काळात अमेरिकी टीव्हीवर उभा केलेला तो इरसाल सार्जंट १९९६ साली स्टीव्ह मार्टिन यांना का पेलला नाही, याचं उत्तर बरंचसं एका नटापाशी येऊन थांबत होतं. सिल्व्हर्स नसतील तर बिल्को नाही, इतकं ते सरळ होतं. आजचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या मते या लेखमालेतलं सगळ्यांत जास्त शिकवून जाणारं. बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेवर दोनदा चित्रपट निघाला. पहिला १९७१ मध्ये, मालिका ऐन भरात असताना, त्याच नटसंचासह आणि मूळ लेखकांच्याच पटकथेवर. दुसरा २०१६ मध्ये, ब्रिटिश रंगभूमीवरचे आणि पडद्यावरचे एकाहून एक नामवंत कलावंत घेऊन. पहिल्यात माणसं तीच होती, दुसऱ्यात माणसं बदलली. तरी दोन्हींमध्ये निसटलं ते एकच.

आधी या विनोदामागचा खरा इतिहास पाहू. १४ मे १९४० च्या संध्याकाळी ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवर बोलले. जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसून चार दिवस झाले होते, आणि उद्या त्यांचे छत्रीधारी सैनिक इंग्लंडच्या शेतांत उतरतील ही धास्ती घराघरांत होती. जे सैन्यात नाहीत अशा १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी जवळच्या पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं, असं ईडन यांनी सांगितलं. माणसांची रीघ लागली. दोन-अडीच महिन्यांत ही संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली. माणसं आली, पण हत्यारं कुठून आणायची? कुणी शिकारीची बंदूक आणली, कुणी झाडूचा दांडा खांद्यावर टाकून कवायत केली. १९४१ मध्ये तर सरकारने लोखंडी नळीच्या टोकाला संगीन जोडून भाले बनवून घेतले, तेही अडीच लाख! विसाव्या शतकातल्या महायुद्धात भाले. विनोदी लेखकाला यात भर घालायची फारशी गरजच नव्हती.

जुलै १९४० मध्ये चर्चिल यांच्या आग्रहाने या दलाचं नाव ‘होमगार्ड’ झालं. गणपतीच्या बंदोबस्तात आपल्याला दिसणारे होमगार्ड याच कल्पनेचे वारसदार आहेत. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात आपलं दल उभं राहिलं, त्याच्या डोळ्यांपुढे ब्रिटनमधला हा नमुना होता.

मालिकेचे जनक जिमी पेरी स्वतः किशोरवयात वॉटफर्डच्या होमगार्डमध्ये होते. त्यांच्या तुकडीत सुदानच्या मोहिमेत लढलेला एक म्हातारा सैनिक होता आणि घरी लेकाच्या काळजीने जीव टांगणीला लागलेली आई होती. पुढे मालिकेत त्या म्हाताऱ्याचा कॉर्पोरल जोन्स झाला, आणि गळ्याला मफलर गुंडाळलेला पोरगेला पाईक म्हणजे स्वतः पेरीच. युद्धाच्या शेवटी पेरी तोफखान्याबरोबर हिंदुस्थानात आले आणि आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत सैनिकांची करमणूक करणाऱ्या कलापथकात रमले. त्या दिवसांतून ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही दुसरी मालिका निघाली, १९७४ ते १९८१ मधली. तिच्यातल्या देवळालीचं चित्रण इंग्लंडमध्येच झालं, आणि मुख्य हिंदी पात्र गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केलं. ते आज बघवत नाही. तिच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. इथे सांगायचं ते एवढंच, की पेरी आणि त्यांचे सहलेखक-दिग्दर्शक डेव्हिड क्रॉफ्ट या दोघांनीही सैन्यातले दिवस काढलेले होते. सैनिकाचा बराचसा वेळ लढण्यात जात नाही, वाट बघण्यात आणि आपसांतल्या कुरबुरींत जातो, हे त्यांना ठाऊक होतं.

‘डॅड्स आर्मी’चा पहिला भाग ३१ जुलै १९६८ ला दाखवला गेला आणि शेवटचा १३ नोव्हेंबर १९७७ ला. नऊ पर्वं, ऐंशी भाग. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं वॉलमिंग्टन-ऑन-सी हे काल्पनिक गाव, आणि त्या गावातला चर्चचा हॉल. बाहेरची दृश्यं नॉरफोकमधल्या थेटफर्डच्या परिसरात घेतली जायची, पण मालिकेचा जीव त्या हॉलमध्ये होता. गावच्या बँकेचा मॅनेजर जॉर्ज मॅनरिंग स्वतःच कॅप्टन होऊन बसतो. बँकेतला त्याचा हाताखालचा कारकून विल्सन सार्जंट. मॅनरिंग कष्टाने वर आलेला, बुटका, तापट. विल्सन मोठ्या घराण्यातला, महागड्या शाळेत शिकलेला, आळसावलेल्या रुबाबाचा. हुकूम देणारा एक आणि हुकमाला शोभणारा दुसराच. आर्थर लो आणि जॉन ल मेझुरिए यांनी हा ताण नऊ वर्षं सांभाळला. विल्सनने भुवई जराशी उचलली की ब्रिटनची सगळी वर्गव्यवस्था त्या हॉलमध्ये येऊन उभी राहायची.

माझा मुद्दा आता सुरू होतो. ही मालिका जितकी दाखवण्यावर उभी आहे, तितकीच न दाखवण्यावर. मॅनरिंगची बायको एलिझाबेथ घ्या. ती फोनवर असते, निरोपांत असते, मॅनरिंगच्या पडलेल्या चेहऱ्यात असते. एका भागात हवाई हल्ल्यापासून बचावाच्या निवाऱ्यात वरच्या बंकचा खाली आलेला फुगवटा दिसतो. तिचं दर्शन घडतं ते तेवढंच. ऐंशी भागांत प्रेक्षकाने तिचा चेहरा पाहिला नाही, आणि म्हणूनच प्रत्येकाच्या मनात ती वेगळी आणि पुरेपूर होती. दुसरी अदृश्य गोष्ट म्हणजे शत्रू. जर्मन सैनिक क्वचित येतात, पण ज्या आक्रमणासाठी ही माणसं रात्री जागतात ते कधीच होत नाही. प्रेक्षकाला इतिहास माहीत आहे. हिटलरची फौज इंग्लिश खाडी ओलांडणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. पडद्यावरच्या माणसांना ते ठाऊक नाही. ती खरोखर मरायला तयार आहेत. तो सगळा विनोद आणि त्यातली सगळी माया या एका तफावतीतून येते.

आणि तिसरी दडलेली गोष्ट म्हणजे या म्हाताऱ्यांचा भूतकाळ. ‘ब्रँडेड’ हा १९६९ मधला भाग मिळाला तर जरूर पाहा. मवाळ, सतत माफी मागणारा, घटकेघटकेला लघवीला जाणारा प्रायव्हेट गॉडफ्री एके दिवशी सांगतो, की पहिल्या महायुद्धात आपण शस्त्र हाती धरायला नकार दिला होता. क्षणात सगळी पलटण त्याच्याकडे पाठ फिरवते. पुढे कवायतीत धुराने भरलेल्या झोपडीतून मॅनरिंगला तोच बाहेर काढतो आणि आजारी पडतो. सहकारी त्याला भेटायला घरी जातात, तेव्हा त्याचा जुना फोटो दिसतो आणि त्याच्या छातीवर मिलिटरी मेडल. सोमच्या लढाईत वैद्यकीय पथकात राहून त्याने गोळीबारात जखमींना उचलून आणलेलं असतं. हे सांगते त्याची बहीण. तो स्वतः कधीच बोलला नसता.

गॉडफ्रीची भूमिका करणारे अर्नोल्ड रिडली १९१६ मध्ये खरोखरच सोमच्या रणांगणावर गंभीर जखमी झाले होते. पुढे ‘द घोस्ट ट्रेन’ हे गाजलेलं नाटक त्यांनी लिहिलं, आणि दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा सैन्यासोबत फ्रान्सला गेले. कडवट स्कॉट फ्रेझर करणारे जॉन लॉरी पहिल्या महायुद्धात लढलेले. जोन्स करणाऱ्या क्लाइव्ह डन यांनी तर ग्रीसमध्ये पकडले गेल्यावर चार वर्षं जर्मनांच्या कैदेत काढली होती. संगीन परजत धावणाऱ्या जोन्सला बघून आपण हसतो, तेव्हा तो नट शत्रूला आपल्यापेक्षा कितीतरी जवळून ओळखत असतो. रिडली यांच्या चेहऱ्यावरच्या त्या शांत ओशाळेपणात जे आहे, ते अभिनयाच्या शाळेत शिकवता येईल असं मला वाटत नाही.

आता १९७१ चा चित्रपट. नॉर्मन कोहेन दिग्दर्शक, पैसा कोलंबिया या चित्रपट कंपनीचा. चित्रण थेटफर्डऐवजी बकिंगहॅमशरमधल्या चाल्फाँट सेंट जाइल्स गावात. पहिला अर्धा भाग छान आहे, कारण तो मालिकेच्या सुरुवातीकडे जातो : ईडन यांचं भाषण, हॉलमधली नावनोंदणी, हत्यारांची जुळवाजुळव. मग मोठा पडदा आपला हक्क मागू लागतो. सरावाच्या छावणीत तंबूंवरून रोलर फिरतो, जनरलच्या पांढऱ्या घोड्यावर बसलेला मॅनरिंग नदीतून वाहत जातो. बघायला मौज येते, नाही असं नाही. पण कॅमेरा मध्येमध्ये खाडीच्या पलीकडे जातो आणि जर्मन सेनाधिकारी आपल्याला दाखवतो. शेवटी विमानातून उतरलेले जर्मन गावकऱ्यांना हॉलमध्ये ओलीस धरतात आणि मॅनरिंग पिस्तूल घेऊन त्यांच्यासमोर उभा राहतो. आर्थर लो तो प्रसंग अतिशय ताकदीने करतात. तरी मालिकेत जे शौर्य नेहमी शक्यतेच्या पातळीवर राहून मनाला भिडायचं, ते इथे सिद्ध करून दाखवलं जातं. सिद्ध झालं की ते इतर कुठल्याही युद्धपटातल्या शौर्यासारखं होतं.

शत्रू समोर आणायचाच असेल तर कसा आणावा, हे मालिकेने दोनच वर्षांनी दाखवलं. ‘द डेडली अटॅचमेंट’ या १९७३ च्या भागात पकडलेल्या जर्मन पाणबुडीचा कप्तान आणि त्याची माणसं त्याच हॉलमध्ये रात्रभर ठेवावी लागतात. फिलिप मॅडॉक यांनी केलेला तो थंड डोळ्यांचा कप्तान, युद्धानंतर कुणाकुणाला धडा शिकवायचा याची यादी करत असतो. पाईक हिटलरची टिंगल करणारं गाणं म्हणतो. कप्तान त्याचं नाव विचारतो, आणि मॅनरिंग पोराला वाचवायला ओरडतो, त्याला सांगू नकोस. ओरडताना पाईकचं नावच घेतो. ब्रिटनमध्ये हे वाक्य आजही लोक एकमेकांना ऐकवतात. इथे लढाईला मैदान लागत नाही. त्या रात्री जेवणाला कुणाला कशा चिप्स हव्यात यावरही वाद होतो. शत्रू हॉलमध्ये आला आणि हॉलच्या नियमांत अडकला, म्हणून तो भाग इतका भक्कम आहे.

२०१६ च्या चित्रपटाला हा धडा उपलब्ध होता. ऑलिव्हर पार्कर यांचं दिग्दर्शन, हमिश मॅकॉल यांची पटकथा. मॅनरिंग टोबी जोन्स, विल्सन बिल नाय, जोन्स टॉम कोर्टनी, गॉडफ्री मायकेल गॅम्बन. काळ १९४४ चा, चित्रण यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, मुख्यतः ब्रिडलिंग्टनमध्ये. कॅथरिन झीटा-जोन्स पत्रकार म्हणून गावात येतात, सगळ्या पुरुषांची डोकी फिरवतात, आणि त्या जर्मन हेर आहेत हे प्रेक्षकाला लवकरच कळतं. शेवट समुद्रकिनाऱ्यावर : पाणबुडी, गोळीबार, आणि गावच्या बायकांची ऐन वेळी धाव.

नटांना दोष देता येत नाही. टोबी जोन्स यांनी लो यांची नक्कल केलेली नाही. त्यांचा मॅनरिंग अधिक हळवा, अधिक एकटा आहे. गॅम्बन मोजक्या प्रसंगांत गॉडफ्रीचं विसराळू मार्दव अचूक पकडतात. जुन्या मालिकेतले पाद्री फ्रँक विल्यम्स पुन्हा पाद्री म्हणूनच आले आहेत. मूळचे पाईक, इयन लॅव्हेंडर, इथे ब्रिगेडियरच्या गणवेशात थोडा वेळ दिसतात. तो क्षण जुन्या प्रेक्षकाचा गळा दाटून आणणारा आहे, आणि आणायलाच हवा होता.

पण या चित्रपटात एलिझाबेथ मॅनरिंग दिसते. फेलिसिटी मॉन्टॅग्यू यांनी ती करारीपणे उभी केली आहे. महिलांच्या तुकडीची ती प्रमुख आहे, नवऱ्यापेक्षा जास्त सक्षम. हा निर्णय का घेतला असेल ते मला समजतं, आणि त्यामागचा हेतू मी मोलाचा मानतो. युद्धाच्या काळात ब्रिटनमधल्या बायकांनी कारखाने चालवले, रुग्णवाहिका हाकल्या, विमानविरोधी तोफांवर काम केलं. मूळ मालिकेने त्यांना बहुतेक वेळा कडेला ठेवलं, ही तिची खरीखुरी उणीव होती. ती भरून काढायला सारा लँकेशर, ॲलिसन स्टेडमन यांच्यासारख्या अभिनेत्री हाताशी होत्या. त्यांच्या पात्रांना आणखी जागा देता आली असती. त्याऐवजी पटकथेने नेमकी ती एक स्त्री उजेडात आणली जिचं न दिसणं हेच मॅनरिंगच्या स्वभावाचं मूळ होतं. तिला पाहिल्यावर मॅनरिंग समजतो, पण लहान होतो.

किनाऱ्यावरच्या लढाईचंही तसंच. शंभर मिनिटांच्या चित्रपटाला चढत जाणारं कथानक लागतं, शेवटी मोठा प्रसंग लागतो, ही निर्मात्याची अडचण खरी आहे. अर्ध्या तासाच्या भागात काहीच घडलं नाही तरी चालतं, कारण पुढच्या आठवड्यात ही माणसं पुन्हा भेटणार असतात. चित्रपटाच्या प्रेक्षकाला ती पुन्हा भेटणार नाहीत. म्हणून चित्रपट त्यांना विजय देऊन निरोप देतो. मालिकेने १९७७ मध्ये निरोप घेतला तो जोन्सच्या लग्नाच्या रात्री, पहाऱ्यावर उभं राहून, ब्रिटनच्या होमगार्डच्या नावाने प्याला उंचावून. त्या रात्रीही शत्रू आलेला नव्हता.

मग असा चित्रपट होऊच शकत नव्हता का? मला वाटतं, होऊ शकला असता. ‘ब्रँडेड’ दीड तासाचा होऊ शकतो. एक हॉल, एक म्हातारा, त्याच्याकडे पाठ फिरवणारे मित्र, आणि बाहेर एक युद्ध, जे आवाजातून, अंधारातून आणि सक्तीच्या काळोख्या खिडक्यांतून जाणवत राहतं. त्याला पाणबुडीची गरज नाही, हेराची नाही. खर्चही कमी.

पुढच्या आठवड्यात : प्रशांत महासागरातली गस्ती नौका आणि ‘मॅकहेल्स नेव्ही’. अमेरिकी मालिकेवर साठच्या दशकात निघालेले चित्रपट आणि १९९७ मधला नवा अवतार.