आधी वाचन, मग लेखन, शेवटी कुलूप

सकाळी ९:००
भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये शेतीपंपाच्या कंट्रोलरचे बोर्ड तयार होतात. प्रत्येकावर एटीमेगा३२८पी ही चिप. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून मी प्रोग्रॅमरची केबल मल्टिमीटरने तपासते.

९:३०
बोर्ड जोडला की पहिल्यांदा चिपची ओळख वाचायची: १ई, ९५, ०एफ. कोऱ्या चिपचं आतलं घड्याळ ८ मेगाहर्ट्झचं असलं तरी ते आठाने भागलेलं असतं, म्हणून ती १ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रॅमरचा वेग याच्या पाव हिश्शाहून कमी लागतो. तो जास्त राहिला तर ओळख चुकीची येते आणि चांगली चिप खराब समजून बाजूला पडते.

१०:००
आता फ्यूज वाचायचे. लो, हाय, एक्स्टेंडेड: ६२, डी९, एफएफ. नव्या चिपमध्ये हेच आकडे हवेत. वेगळे दिसले, तर तिला आधी कोणीतरी हात लावलाय.

१०:३०
लिहायचे आकडे ई२, डी१, एफडी. ई२ने आठाचा भागाकार जातो. डी१मुळे चिप पुसली तरी ईईप्रॉममधला मजकूर टिकतो. एफडी मला सर्वांत मोलाचा वाटतो. पंप सुरू होताना व्होल्टेज खाली येतं. चिपचा पुरवठा साधारण २.७ व्होल्टच्या खाली गेला, की ती रीसेटमध्ये थांबते. अर्धवट व्होल्टेजवर ती भलतंच काही लिहीत नाही.

१२:००
शिकाऊ मुलगा विचारतो, "मॅडम, एक म्हणजे चालू ना?"

"नाही रे, इथे शून्य म्हणजे चालू. हाय फ्यूजचा सगळ्यात वरचा बिट बघ. तो शून्य केलास तर रीसेटची पिन साधी पिन होते. मग ही केबल उपयोगाची नाही, १२ व्होल्टचा हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमर लागेल."

बोर्डावर क्रिस्टल नसताना फ्यूजमध्ये क्रिस्टल निवडलं, तर चिप गप्प होते, हेही त्याला सांगते. ती मेलेली नसते; एक्सटाल१ पिनवर बाहेरून क्लॉक दिला की बोलते.

दुपारी २:००
प्रोग्रॅम भरणं आणि पडताळणी. मग करंट सेन्सरचं कॅलिब्रेशन ईईप्रॉममध्ये. फ्यूज आधीच लिहिल्यामुळे पुन्हा प्रोग्रॅम भरावा लागला, तरी हे आकडे जात नाहीत.

४:००
सगळं जुळल्यावरच लॉक बिट: एफसी. आता केबलने प्रोग्रॅम वाचता येत नाही, पडताळता येत नाही, फ्यूजही बदलता येत नाहीत. म्हणून हे काम घाईत करायचं नाही.

५:००
शेतावरून आलेल्या एका जुन्या बोर्डात नवा प्रोग्रॅम भरायचाय. चिप पूर्ण पुसली की जुना प्रोग्रॅम आणि लॉक दोन्ही जातात. फ्यूज तसेच राहतात. ईईप्रॉम वाचते, तर कॅलिब्रेशन जागच्या जागी. शेतकऱ्याचा सेन्सर पुन्हा जुळवायची गरज नाही.

६:००
लॉक असतानाही फ्यूज वाचता येतात. म्हणून दिवसभराच्या प्रत्येक बोर्डाचे फ्यूज पुन्हा वाचते आणि बोर्ड क्रमांक, प्रोग्रॅमची आवृत्ती, तिन्ही फ्यूज, लॉक अशी नोंद रजिस्टरमध्ये करते. काय लिहायचं ठरलं होतं ते तिथे लिहीत नाही. चिपमधून वाचलेलंच लिहिते. पुढे हा बोर्ड दुसऱ्या कोणाच्या टेबलावर आला, तर त्याला अंदाज बांधत बसावं लागू नये.