टाकाऊपासून इंधन : शास्त्र आणि जबाबदारी

बदनापूर परिसरात सुगी संपली की बांधावर पऱ्हाट्या व तुराट्यांचे ढीग दिसतात. गोठ्यात शेण असते, बाजार उठल्यावर सडका भाजीपाला उरतो, पंगतीनंतर खरकटे उरते. या सर्वांना आपण 'कचरा' हे एकच नाव देतो. वास्तविक ही वनस्पतींनी उन्हातून साठवलेली शक्ती आहे. मात्र ती मिळविण्याची रीत प्रत्येक पदार्थाची वेगळी असते.

पऱ्हाट्या, तुराट्या लाकडासारख्या कठीण. त्या जंतूंना सहज पचत नाहीत, म्हणून जळण किंवा कोळसा हाच त्यांचा योग्य उपयोग. शेवाळापासून तेल काढून डिझेलसारखे इंधन करता येते. परंतु ते पाण्यातून वेगळे करण्यात व वाळविण्यात फार खर्च होतो. शेण आणि खरकटे यांचा मार्ग मात्र सोपा आहे : गोबरगॅस.

हवाबंद टाकीत जंतूंचे काम टप्प्याटप्प्याने चालते. काही जंतू अन्नाचे आम्ल करतात, तर दुसरे त्यापासून मिथेन हा जळणारा वायू तयार करतात. एकदम जास्त खरकटे टाकले तर आम्ल वाढते, मिथेनचे जंतू मंदावतात आणि गॅस बंद पडतो. म्हणून रोज, मोजून, बारीक करून टाकावे. साधारण 25 किलो ताज्या शेणापासून 1 घनमीटर गॅस मिळतो. म्हणजे सिलिंडरमधील सुमारे 450 ग्रॅम गॅसइतकी उष्णता. शेण हे जनावराने आधीच पचविलेले असते. त्यामुळे पीठ, भात, पोळी यांपासून त्याच वजनात कितीतरी अधिक गॅस निघतो. हेच तत्त्व धरून डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या 'आरती' संस्थेने खरकट्यावर चालणारे घरगुती संयंत्र तयार केले. त्यास 2006 साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. 1897 मध्ये मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्याच्या टाक्यांतून गॅस गोळा करून त्यावर इंजिन चालविल्याची नोंद आहे. समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या वस्तीतून ही सुरुवात झाली, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आता खरा प्रश्न. टाकी तुंबली तर आत उतरायचे कोणी? पिढ्यान्‌पिढ्या या कामासाठी कोणाला हाक मारली गेली, हे आपणांस सांगावयास नको. टाकीतील वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करतात. पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. 2013 च्या कायद्याने हाताने मैला काढण्यास आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात व मैल्याच्या टाकीत माणूस उतरविण्यास बंदी केली. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी भरपाई 30 लाख रुपये ठरविली. परंतु गेलेला जीव भरपाईने परत येत नाही.

म्हणून संयंत्र बसविणाऱ्या प्रत्येक घराने व संस्थेने तीन नियम पाळावेत. ओला कचरा घरातच वेगळा करावा. प्लॅस्टिक, हाडे व माती टाकीत जाऊ देऊ नये, म्हणजे ती तुंबणारच नाही. टाकी भरण्याचे काम सर्वांनी पाळीने करावे. आणि कोणत्याही कारणाने, कितीही पैसे देऊन, माणूस आत उतरवू नये. दुसऱ्याच्या श्वासाच्या मोलाने पेटणारी शेगडी आपल्याला नको.