पेरणीआधीचे दोन हजार

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव बाहेरच्यांना ओळखीचे आहे ते टोकाईच्या गडामुळे, त्याच नावाच्या साखर कारखान्यामुळे आणि 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीमुळे. परंतु हळद शेतात सुमारे नऊ महिने राहते, तिला पाणी लागते, बेण्याचा खर्च आधी करावा लागतो आणि काढणीनंतर शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे हे सारे झाल्यावरच तिचा पैसा हाती येतो. त्यामुळे ज्याच्याकडे विहीर नाही आणि जमीन दोन-तीन एकरांपलीकडे नाही, त्याचे वर्ष सोयाबीन, तूर, हरभरा आणि ज्वारी यांवरच निघते. अशा शेतीला अभ्यासक निर्वाहशेती म्हणतात, म्हणजे जिचा पहिला हेतू बाजार नसून घरच्यांचे पोट हा आहे अशी शेती. आज तिचे निव्वळ रूप कोठेच उरलेले नाही. घरची तूर डाळीसाठी राहते, ज्वारी भाकरीला आणि तिचा कडबा जनावरांना जातो, पण बियाणे, खत, फवारणी, मुलांची पुस्तके आणि दवाखाना यांसाठी रोख पैसाच लागतो, आणि तो सोयाबीन विकले जाईपर्यंत, म्हणजे साधारण दसरा-दिवाळीपर्यंत, घरात येत नाही.

सरकारकडून थेट खात्यात येणाऱ्या पैशाचा परिणाम समजून घ्यायचा तर या विसंगतीपासून सुरुवात करावी लागते. केंद्र सरकारची प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना 2019 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिच्यात शेतकरी कुटुंबाला, म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान अपत्ये यांना मिळून, वर्षाला 6,000 रुपये 2,000 च्या तीन हप्त्यांत दिले जातात. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती, त्याच वर्षी ही मर्यादा काढण्यात आली, मात्र आयकर भरणारे आणि बहुतेक सरकारी नोकरदार वगळलेलेच राहिले. महाराष्ट्र शासनाने 2023 च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी जाहीर करून तेवढीच रक्कम आपल्याकडून जोडली आणि तिचा पहिला हप्ता 26 ऑक्टोबर 2023 रोजी शिर्डीतील कार्यक्रमात वितरित झाला. दोन्ही मिळून वर्षाला 12,000, महिन्याला 1,000 रुपये होतात. मध्यस्थ वगळून आधार जोडलेल्या बँक खात्यात रक्कम जमा करण्याच्या या पद्धतीला थेट लाभ हस्तांतरण म्हणतात.

महिन्याला हजार रुपयांत कोणतेही कुटुंब गरिबीतून वर येत नाही, हे उघड आहे. तरीही या रकमेला क्षुल्लक मानणे चूक ठरेल, कारण छोट्या शेतकऱ्याची अडचण वर्षभराच्या एकूण उत्पन्नाची जितकी असते तितकीच नेमक्या वेळी हाती रोकड नसण्याची असते. डीएपीच्या पन्नास किलोच्या गोणीची किंमत 1,350 रुपये आणि युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीची 266.50 रुपये धरली, तर 2,000 च्या एका हप्त्यात डीएपीची एक आणि युरियाच्या दोन गोण्या येऊन 117 रुपये हातात उरतात. ही खरेदी रोखीने झाली की उधारीने, यावर पुढच्या पाच महिन्यांचे बरेच काही ठरते. उधारीवर माल उचलणाऱ्याला दुकानदार देईल ते वाण आणि सांगेल तो भाव घ्यावा लागतो, टंचाईच्या दिवसांत खताबरोबर नको असलेले दुसरे उत्पादन गळ्यात मारले गेले, ज्याला बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात, तर नाही म्हणण्याची त्याची ताकद नसते, आणि काढणी होताच वहीतले नाव खोडण्यासाठी भाव पडलेला असतानाच सोयाबीन आडतीवर घालावे लागते. ज्याच्या खिशात नोटा आहेत तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकतो, आणि पुढे माल चार आठवडे घरात ठेवण्याची मुभाही त्याला काही अंशी मिळते. म्हणून दोन हजारांचे मोल दोन हजारांहून अधिक असू शकते.

मात्र ते तेव्हाच, जेव्हा पैसा पेरणीआधी येतो. योजनेच्या रचनेनुसार वर्षाचा पहिला हप्ता एप्रिल ते जुलै या चार महिन्यांसाठीचा आहे. प्रत्यक्षात तो 2022 मध्ये 31 मे रोजी, 2023 मध्ये 27 जुलैला, 2024 मध्ये 18 जूनला आणि 2025 मध्ये थेट 2 ऑगस्टला जमा झाला. मराठवाड्यात मृगाचा पाऊस धरून जूनमध्ये तिफण चालू लागते आणि जुलैच्या मध्यापर्यंत खरिपाची पेरणी बहुधा आटोपलेली असते. 31 मेचा पैसा बियाण्याचा होतो, 2 ऑगस्टचा पैसा झालेली उधारी फेडण्याचा. रक्कम तीच, योजना तीच, पण पहिल्या वेळी कुटुंबाचा निर्णय बदलतो आणि दुसऱ्या वेळी केवळ वहीतला आकडा. हप्त्याच्या तारखा मोठ्या जाहीर कार्यक्रमांशी बांधल्या जातात तशा त्या नक्षत्रांशी बांधल्या गेल्या असत्या, तर एक रुपयाही न वाढवता या योजनेची उपयुक्तता वाढली असती.

वेळेचे हे महत्त्व आपत्तीत अधिक उघडे पडते. 2022 च्या जुलैत अतिवृष्टीने कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले. ज्यांची पेरणी नुकतीच झाली होती त्यांच्यासाठी अशा वेळी दुबार पेरणीचा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर आठ-पंधरा दिवसांत द्यावे लागते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्य शासनाने जिरायत पिकांच्या नुकसानीची मदत वाढवून हेक्टरी 13,600 रुपये केली, ही रक्कम सन्मान निधीच्या वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा मोठी होती. पण पंचनामा, याद्या आणि मंजुरी या वाटेने येणारी मदत स्वभावतःच उशिरा पोहोचते. नियमित हप्ता लहान असला तरी तो केव्हा येईल हे ठाऊक असेल तर त्याच्या भरवशावर पाऊल उचलता येते. भरपाईच्या भरवशावर ते उचलता येत नाही.

फुकटचा पैसा दारूत जातो, हा आक्षेप पारावरही ऐकू येतो आणि शहरी दिवाणखान्यातही. त्याची पडताळणी झालेली आहे. 2011-12 मध्ये सेवा या महिला कामगारांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने मध्य प्रदेशातील काही गावांत प्रत्येक प्रौढाला दरमहा आधी 200 व नंतर 300 रुपये आणि मुलांना त्याच्या निम्मी रक्कम विनाअट दिली. त्या घरांचे अन्न सुधारले, बियाणे आणि जनावरे यांवरचा खर्च वाढला, दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाणारे काही जण स्वतःच्या रानात अधिक काम करू लागले, आणि दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. पश्चिम केनियातील गावांत दिलेल्या अशाच रोख मदतीवर योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही दारू-तंबाखूबाबत असेच दिसले. त्याच अभ्यासात दरमहा आलेला पैसा मुख्यतः अन्नाच्या निश्चिंतीत आणि एकरकमी आलेला पैसा टिकाऊ वस्तूंत गेला. गरीब माणूस पैशाचे काय करतो हे त्याच्या नीतीपेक्षा पैसा कोणत्या आकारात येतो यावर अधिक अवलंबून असते, असे यावरून म्हणता येईल.

रोख रक्कम धान्याची जागा घेऊ शकते का, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यात पुस्तकी नाही. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांना 2015 पासून दरमहा माणशी पाच किलो धान्य, गहू 2 आणि तांदूळ 3 रुपये किलोने, मिळत असे. 2023 मध्ये शासनाने त्याऐवजी माणशी 150 रुपये देण्याचे ठरवले आणि पुढे ते 170 केले. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घराला या पैशातून गव्हाऐवजी ज्वारी घेता येते, ही सोय खरीच आहे. परंतु पाच किलो धान्य महागाईतही पाच किलोच राहते आणि 170 रुपये मात्र दुकानातल्या भावाप्रमाणे आकसतात. भाव वाढले की मदतीचा धोका सरकारच्या अंगावरून उतरून चुलीपाशी येतो.

शेवटी प्रश्न उरतो तो नावाचा. सन्मान निधी जमिनीच्या नोंदीवर, म्हणजे सातबाऱ्यावर, मिळतो आणि सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावे असतो. खुरपणीपासून काढणीपर्यंत रानात राबणाऱ्या स्त्रीच्या खात्यात पैसा यायला 2024 ची लाडकी बहीण योजना यावी लागली. त्यातही जिच्या स्वतःच्या नावे जमीन आहे आणि नमो शेतकरीचा हप्ता येतो, तिला दरमहा 1,500 ऐवजी 500 रुपयेच मिळतात, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढल्याची वजावट तिलाच सोसावी लागते. बटईदाराची, म्हणजे दुसऱ्याचे रान पिकाचा वाटा ठरवून कसणाऱ्याची, गत याहून कठीण आहे. शेजारच्या तेलंगणात 2018 मध्ये सुरू झालेली रयतु बंधू योजना एकरी पैसे देत असे, पण तीही मालकालाच. ओडिशाच्या कालिया योजनेने मात्र भूमिहीनांसाठी आणि कुळांसाठी वाट काढून दाखवली होती. एकाच धुऱ्याच्या अलीकडे मालक आणि पलीकडे बटईदार सोयाबीन पेरतो, दोघांवर पाऊस सारखाच पडतो वा पडत नाही. हप्त्याचा संदेश मालकाच्या मोबाईलवर येतो, तो मालक नोकरीनिमित्त नांदेडला किंवा पुण्याला राहत असला तरी, आणि डीएपीची तीच 1,350 रुपयांची गोणी बटईदार कृषी सेवा केंद्राच्या वहीत आपले नाव लिहून उचलतो.